लय, पट्टी आणि भाव : शोपँची ई मायनरमधील प्रेल्यूड आणि देवगिरीचा ‘संगीतरत्नाकर’ – एक तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट, नाणी, शिलालेख व दप्तरे ही साधने उपलब्ध असतात. संगीताच्या इतिहासकाराची स्थिती वेगळी आहे. त्याच्या अभ्यासाचा विषय ज्या क्षणी निर्माण होतो त्याच क्षणी विरून जातो. मागे उरते ते त्याविषयीचे लेखन. त्यामुळे एखाद्या परंपरेने संगीतातील कोणत्या गोष्टी लिहून ठेवल्या आणि कोणत्या गोष्टी गुरुमुखावर सोपविल्या, हा प्रश्न संगीताच्या इतिहासलेखनात अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. शहराजवळील देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, येथे यादव राजा सिंघण (कारकीर्द सुमारे इ. स. १२१० ते १२४७) याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठवाड्यात इतिहासाच्या अध्ययन-अध्यापनात देवगिरीचा किल्ला, यादवांचे प्रशासन व हेमाद्री यांना स्थान मिळते. हा ग्रंथ मात्र बहुधा नामोल्लेखापुरताच येतो.

प्रस्तुत निबंधात शार्ङ्गदेवाच्या लय, स्वर व रस या संकल्पनांचा विचार एका दूरच्या उदाहरणाशेजारी ठेवून केला आहे. ते उदाहरण म्हणजे पोलिश रचनाकार फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९) याची पियानोवरील एक अगदी लहान रचना होय. लघुरचना निवडण्याचे कारण असे की, पाश्चात्त्य स्वरलेखनात लय, पट्टी व भाव यांची नोंद कशी होते हे तिच्या एकाच छापील पानावर पाहता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. पाश्चात्त्य लघुरचनेत लय, पट्टी व भाव यांची नोंद कोणत्या स्वरूपात होते, हे पाहणे.
२. ‘संगीतरत्नाकरा’तील समांतर संकल्पनांशी तिची तुलना करणे.
३. पेटीच्या प्रसारानंतर महाराष्ट्रात ‘पट्टी’ या शब्दाला आलेला अर्थ तपासणे.
४. या फरकाचा संगीताच्या ऐतिहासिक साधनांवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. दोन परंपरांपैकी कोणती श्रेष्ठ हे ठरविण्याचा हेतू यामागे नाही.

१. पंचवीस बारांची रचना

शोपँने आपल्या २४ प्रेल्यूडचा संच १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावरील मुक्कामात पूर्ण केला. तो १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संगीतात बारा स्वरांपैकी प्रत्येकावर मेजर व मायनर अशा दोन, म्हणजे एकूण २४ पट्ट्या मानल्या जातात. शोपँने प्रत्येक पट्टीत एक रचना केली. त्यांतील चौथी रचना ई मायनरमध्ये आहे. तिची लांबी अवघी २५ बारांची आहे. बार म्हणजे आपल्या तालातील खंडासारखा ठरावीक मात्रांचा विभाग. संपूर्ण रचना वाजविण्यास साधारणतः दोन ते अडीच मिनिटे लागतात.

रचनेचे स्वरूप अत्यंत साधे आहे. उजव्या हाताची सुरावट बराच वेळ दोनच लगतच्या स्वरांभोवती घुटमळते. डाव्या हाताने एकाच वेळी वाजविलेले स्वरसमूह सारखे पुनरावृत्त होतात आणि त्यांतील एकेक स्वर अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत जातो. मध्यानंतर क्षणभर आवेग येतो, आवाज चढतो, पुन्हा विझतो. शेवटी एक विराम आणि अतिमंद आवाजातील तीन स्वरसमूह, एवढ्यात रचना संपते.

ही रचना आपल्या पेटीवर वाजवायची झाल्यास ‘पांढरी तीन’ हा षड्ज धरावा लागेल. तसे केल्यास वर सांगितलेले दोन स्वर पंचम व कोमल धैवत ठरतात. मायनरचे मूळ सप्तक गांधार, धैवत व निषाद कोमल असलेले, म्हणजे भातखंडे-पद्धतीतील आसावरी थाटाशी जुळणारे आहे. मात्र ही जुळणी केवळ स्वरांची आहे. डाव्या हाताचे उतरते स्वरसमूह ही या रचनेची खरी शक्ती असून रागसंगीतात त्याला समांतर असे काही नाही.

छापील पानावर रचनेच्या आरंभी ‘लार्गो’ हा लयदर्शक शब्द आहे. पट्टी दर्शविणारे चिन्ह आहे. ‘एस्प्रेसिव्हो’, म्हणजे भावपूर्ण रीतीने, अशी सूचना आहे. परंतु भाव कोणता, हे शोपँने कोठेही सांगितलेले नाही. लार्गो म्हणजे संथ व विस्तृत. पण किती संथ, याचा आकडाही त्याने दिलेला नाही. हान्स फॉन ब्यूलो या पियानोवादकाने पुढे प्रत्येक प्रेल्यूडला एकेक नाव दिले व या रचनेला गुदमरण्याचा अर्थ असलेले नाव जोडले. ते शोपँचे नव्हे. १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीच्या वेळी ही रचना ऑर्गनवर वाजविली गेली. तेव्हापासून शोकाशी तिचे नाते अधिकच दृढ झाले. म्हणजे तिचा ‘भाव’ काही अंशी तिच्या इतिहासाने घडविलेला आहे.

२. तीन खुणांचा पाश्चात्त्य इतिहास

पाश्चात्त्य संगीत मोजमापाचे आणि भारतीय संगीत अनुभूतीचे, अशी एक ढोबळ विभागणी आपल्याकडील लेखनात पुष्कळदा आढळते. वरील तीन खुणांचा इतिहास पाहिल्यास ती टिकत नाही.

प्रथम लयीचा विचार करू. ‘अलेग्रो’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘आनंदी’ असा आहे. ‘जलद’ हा त्याचा संगीतातील अर्थ नंतरचा होय. लयदर्शक शब्द हे आरंभी भावदर्शकही होते. लयीला आकडा मिळाला तो १८१५ मध्ये योहान मेल्त्सेल याने मेट्रोनोमचे एकस्व घेतल्यानंतर. १८१७ मध्ये बेटोव्हनने आपल्या सिम्फनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. शोपँलाही हे यंत्र परिचित होते आणि आपल्या अनेक आरंभीच्या रचनांना त्याने आकडे दिले होते; परंतु प्रेल्यूडना त्याने आकडे दिले नाहीत. मोजण्याचे साधन हाती असूनही त्याने तेथे शब्दावरच भिस्त ठेवली, ही बाब लक्षणीय आहे.

पट्टीचा इतिहासही असाच आहे. जर्मन कवी व संगीतज्ञ शूबार्ट याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक पट्टीचा स्वभाव वर्णन केला. हे लेखन १८०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ई मायनर ही त्याच्या मते निरागस प्रेमाची व कुरकुर न करता केलेल्या विलापाची पट्टी होती. तिला त्याने शुभ्र वस्त्रातील तरुणीची उपमा दिली. आपल्या रागध्यानांची आठवण व्हावी असे हे वर्णन आहे. जुन्या जुळणीच्या पद्धतींत प्रत्येक पट्टीतील स्वरांतरे थोडी भिन्न असत, त्यामुळे अशा समजुतींना काही आधार तरी होता. सप्तकाचे बारा समान भाग करणारी जुळणी एकोणिसाव्या शतकात रूढ होत गेल्यावर तो आधार क्षीण झाला.

शिवाय पट्टीचे नाव कायम राहिले तरी तिची प्रत्यक्ष उंची कायम नव्हती. निरनिराळ्या शहरांत वाद्ये निरनिराळ्या उंचीवर जुळविली जात. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ अशी कायद्याने ठरविली. १९३९ च्या लंडन येथील परिषदेत ४४० हा आकडा स्वीकारला गेला. तेव्हा शोपँच्या कानांवर पडलेला ई मायनर आणि आजचा ई मायनर यांची उंची तंतोतंत एकच असेल, असे मानता येत नाही. असे असले तरी एक गोष्ट निर्विवाद उरते. पट्टी ही त्या परंपरेत रचनेची मालमत्ता आहे. वादक बदलला तरी पियानोवरील ई मायनरची प्रेल्यूड ई मायनरमध्येच वाजविली जाते.

३. देवगिरीची व्यवस्था

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजोबा भास्कर दक्षिणेत आला. पिता सोढल यादव दरबारी सेवेत होता. स्वतः शार्ङ्गदेव दरबारात श्रीकरणाधिपती, म्हणजे हिशेब व दप्तराचा अधिकारी, होता. त्याच्या ग्रंथातील काटेकोर वर्गीकरण वाचताना हा तपशील ध्यानात येतो. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य व नर्तन असे ग्रंथाचे सात अध्याय आहेत. सिंहभूपाल व कल्लिनाथ यांच्या टीका त्यावर प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये कल्लिनाथाच्या टीकेसह मूळ ग्रंथ छापला आणि पुढे ग. ह. तारळेकर यांनी त्याचे मराठी भाषांतर केले.

लयीविषयी शार्ङ्गदेवाचे विवेचन मोजमापाचे आहे. दोन क्रियांमधील विश्रांती म्हणजे लय, अशी त्याची व्याख्या आहे. द्रुताच्या दुप्पट विश्रांती म्हणजे मध्य आणि मध्याच्या दुप्पट म्हणजे विलंबित होय. मार्ग तालांतील मात्रेचे मानही त्याने दिले आहे. पाच लघू अक्षरे उच्चारण्यास लागणारा काळ म्हणजे एक मात्रा. येथे माणसाच्या उच्चाराला घड्याळाचे स्थान मिळाले आहे. मेट्रोनोमपूर्वी सुमारे सहाशे वर्षे देवगिरीच्या दरबारातील अधिकाऱ्याने कालमापनाचे असे एकक नमूद करावे, ही बाब मोजमाप फक्त पाश्चात्त्यांकडे होते या समजुतीला छेद देणारी आहे.

पट्टीबाबत मात्र त्याची भूमिका पूर्णतः निराळी आहे. बावीस श्रुती सिद्ध करण्यासाठी त्याने बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. त्यात पहिली तार शक्य तितक्या मंद्र स्वरात लावावी आणि पुढील प्रत्येक तार किंचित उंच, पण मध्ये तिसरा ध्वनी निघू नये इतकी जवळ लावावी, असा निर्देश आहे. आरंभबिंदू त्या वाद्याच्या सोयीचा आहे. त्याला स्थिर उंची नाही. गळ्याची मंद्र, मध्य व तार ही स्थाने अनुक्रमे हृदय, कंठ व मस्तक यांत कल्पिली आहेत. म्हणजे षड्जाची उंची देहावर व वाद्यावर सोपविली आहे.

भावाबाबत शार्ङ्गदेव सर्वाधिक स्पष्ट आहे. षड्ज व ऋषभ हे वीर, अद्भुत व रौद्र रसांसाठी. धैवत बीभत्स व भयानकासाठी. गांधार व निषाद करुणासाठी. मध्यम व पंचम हास्य व शृंगारासाठी, अशी वाटणी त्याने नोंदविली आहे. षड्जग्राम हेमंतात, मध्यमग्राम ग्रीष्मात व गांधारग्राम वर्षा ऋतूत गावा आणि त्यांचे काल अनुक्रमे पूर्वाह्ण, मध्याह्न व अपराह्ण असावेत, असेही त्याने म्हटले आहे. शोपँने जे न लिहिता सोडले तेच येथे नेमके लिहिले आहे.

मात्र ही वाटणी यांत्रिकपणे लावता येत नाही. शोपँच्या सुरावटीतील पंचम व धैवत या कोष्टकात पाहिले, तर हास्य-शृंगार आणि बीभत्स-भयानक अशी उत्तरे मिळतील. प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला त्यांपैकी काहीच जाणवत नाही. शार्ङ्गदेवाचे शुद्ध सप्तक आजच्या शुद्ध सप्तकापेक्षा वेगळे, काफी थाटाच्या जवळचे मानले जाते. त्याचे स्वर जाती व राग यांच्या व्यवस्थेत, अंशस्वर म्हणून, रसवाचक ठरतात. एकटा सुटा स्वर त्या संदर्भाबाहेर नेला की त्याचा रसही मागेच राहतो.

४. पेटी आणि ‘काळी एक’

या दोन व्यवस्था महाराष्ट्रात एकमेकींना भेटल्या त्या पेटीच्या पट्ट्यांवर. हार्मोनियमचे एकस्व १८४० मध्ये पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने घेतले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हे वाद्य भारतात रुळले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’पासून (१८८०) बहरलेल्या संगीत रंगभूमीवर पेटी व ऑर्गन ही लवकरच अविभाज्य वाद्ये ठरली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

समविभागी जुळणीमुळे श्रुतींचा लोप होतो, हा आक्षेप याच काळात पुढे आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ई. क्लेमंट्स या न्यायाधीशांनी तोच विचार पुढे नेला आणि श्रुतींची पेटीही तयार करविली गेली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत हा वाद गाजला. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत कायम होती. हा इतिहास बहुतेक अभ्यासकांना परिचित आहे.

त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली घटना भाषेतील आहे. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ हे शब्द महाराष्ट्रातील गवयांच्या, साथीदारांच्या व तबला लावणाऱ्यांच्या बोलीत कायमचे रुजले. शार्ङ्गदेवाकडे नसलेले, निश्चित उंचीला नाव देणारे शब्द पियानोच्याच धर्तीच्या पट्ट्यांनी मराठीला दिले. परंतु हे शब्द स्वीकारताना मराठी संगीतव्यवहाराने त्यांचा अर्थ बदलून घेतला. ‘यमन कोणत्या पट्टीत आहे?’ असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही; ‘बाई कोणत्या पट्टीत गातात?’ असे विचारतात. ई मायनर ही रचनेची ओळख असते. काळी चार ही गायिकेची ओळख असते. वाद्य पाश्चात्त्य, शब्द नवा, परंतु त्यामागील धारणा देवगिरीच्या वीणेचीच राहिली. साडेसहाशे वर्षांनंतरही षड्जाची उंची देहाच्याच हाती राहिली, असे म्हणता येईल.

हीच धारणा स्वरलेखनातही दिसते. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त रागांची स्वरव्यवस्था व समय यांचे नियम मांडले आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त शेकडो चिजांचे स्वरलेखन छापले. प्रत्येक चिजेवर राग व ताल लिहिलेला असतो. लय असलीच तर ‘विलंबित’ किंवा ‘मध्य लय’ अशा शब्दांत येते. पट्टी कोठेही नसते व ती असण्याचे कारणही नाही. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची स्वरलेखनपद्धती मात्राविभागाच्या बाबतीत अधिक तपशिलाची होती. तरी पट्टीबाबत तिचेही धोरण हेच आहे. विसाव्या शतकात विलंबित ख्यालाची लय अधिकाधिक संथ होत गेली. कागदावरील ‘विलंबित’ हा शब्द मात्र तोच राहिला. त्यामुळे या मोठ्या स्थित्यंतराचा पुरावा छापील चिजांत शोधून मिळत नाही.

५. ध्वनिमुद्रिकेचा पुरावा

१९०२ पासून भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले. तेव्हा लय व पट्टी यांचा प्रत्यक्ष पुरावा प्रथमच जतन होऊ लागला, असे मानणे स्वाभाविक आहे. तथापि येथेच वरील फरकाचा व्यावहारिक परिणाम दिसतो.

जुन्या मुद्रिकांवर ७८ फेऱ्यांचा वेग गृहीत धरला जातो. परंतु आरंभीच्या काळात प्रत्यक्ष मुद्रणाचा वेग कमी-अधिक असे. तबकडी मुद्रणाच्या वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरविली की संपूर्ण गायन अर्ध्या स्वराने चढते. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली, तरी गाणे जवळजवळ तेवढेच वर जाते. काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. त्याचबरोबर लयही वाढते आणि आवाजाची जात पालटते. लय, पट्टी व भाव ही तिन्ही येथे एकाच चाकाला बांधलेली असतात.

आल्फ्रे कोर्तो या पियानोवादकाने १९२६ मध्ये शोपँच्या प्रेल्यूड मुद्रित केल्या. अशा मुद्रिकेत चौथी प्रेल्यूड ई मायनरऐवजी एफ मायनरच्या जवळ ऐकू आली, तर वेग चुकला हे ऐकणाऱ्यास तत्काळ कळते. पट्टी कागदावर आहे. तिच्या आधारे वेग दुरुस्त करता येतो आणि खरी लय हाती लागते. ख्यालाच्या मुद्रिकेबाबत हा आधार मिळत नाही, कारण चिजेला पट्टीच नाही. साथीला पेटी असेल तर तिच्या बारा सुरांपैकी एखाद्याशी षड्ज जुळविता येतो. परंतु तो नेमका कोणता सूर, हे गायकाची पट्टी ठाऊक असल्याखेरीज सांगता येत नाही. साथीला केवळ तंबोरा असेल तर तेवढाही आधार उरत नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या गवयाचा आवाज पातळ होता किंवा त्याची तान अतिजलद होती, असे मुद्रिकेवरून काढलेले निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात. ते गुण गायकाचे असतील, तसेच चुकीच्या वेगाने फिरलेल्या तबकडीचेही असू शकतील.

निष्कर्ष

१. लय, पट्टी व भाव यांपैकी काय लिहावे, याची निवड प्रत्येक परंपरेने आपल्या गरजेनुसार केली. शोपँने पट्टी निश्चित लिहिली, लय शब्दात सांगितली आणि भावाचे नाव टाळले. शार्ङ्गदेवाने रसाचे नाव दिले, लयीचे प्रमाण सांगितले आणि पट्टी देहावर सोपविली.

२. मोजमाप पाश्चात्त्यांकडे व भावना आपल्याकडे, ही विभागणी पुराव्यास उतरत नाही. शार्ङ्गदेवाचे मात्रेचे मान आणि शूबार्टचे पट्टीवर्णन ही दोन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत.

३. पेटीने मराठीला पट्टीची नावे दिली. मात्र पट्टी ही गायकाची, रचनेची नव्हे, ही जुनी धारणा त्या नव्या शब्दांतही टिकून राहिली.

४. याच धारणेमुळे मराठी संगीताचा एक महत्त्वाचा पुरावा व्यक्तींच्या स्मरणात राहतो व व्यक्तींबरोबर नष्ट होतो. अमुक गवई कोणत्या पट्टीत गात, हे त्यांचे शिष्य, साथीदार व जाणते श्रोते सांगू शकतात. ही पिढी मागे पडल्यावर मुद्रिकांचा खरा वेग ठरविण्याचे एक विश्वसनीय साधन कायमचे हरपेल.

यास्तव महाविद्यालयीन संगीत व इतिहास विभागांनी जुन्या तबकड्या व फिती यांचे संगणकीय जतन करताना राग, ताल व गायक यांच्या नोंदींबरोबर गायकाची पट्टी, ती कोणाकडून कळली आणि रूपांतराच्या वेळचा वेग या तीन गोष्टी अवश्य नोंदवाव्यात. या कामास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. जाणकारांच्या मुलाखती व एक साधे नोंदपत्रक पुरेसे आहे. शार्ङ्गदेवाने आपल्या ग्रंथात सुरावटी स्वरांनिशी लिहून ठेवल्या. परंतु त्यांचा षड्ज किती उंच होता, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्याच्या काळी ते लिहिण्याचे साधन नव्हते. आपल्याकडे ते आहे आणि सांगणारी माणसेही अद्याप आपल्यात आहेत.